ठोकळ्यांवरची मोटार आणि चार लिंबं

या प्रकरणाचा विषय निघाला की मला आरोपी नंतर आठवतो. आधी आठवते ती माझ्याच हातची एक ओळ.

एकाहत्तर-बाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. नगर जिल्ह्याच्या दक्षिणेला, कोरडवाहू भागातल्या एका ठाण्यावर मी फौजदार होतो. नोकरी नवी, मिशी नवी आणि अक्षर चांगलं. या तिन्हींचा मला अभिमान होता. त्यातल्या अक्षराने घात केला.

उन्हाळ्यात मोटार कार्यालयाचं एक पत्र आलं. आमच्या हद्दीतल्या एका बागायतदाराने आपली जुनी मोटार वापरात नसल्याचं लेखी कळवलं होतं. कायदा सरळ होता. गाडी चालवायची नसेल तर मालकाने आगाऊ तसं कळवायचं, ती कुठे उभी राहणार ते लिहायचं आणि नोंदणीचं पुस्तक व कराचं टोकन जमा करायचं. मग तेवढ्या मुदतीचा कर माफ. विमा संपला तरी गाडी आपल्या आवारात उभी असेपर्यंत कोणी विचारत नसे. मात्र चाक सार्वजनिक रस्त्याला लागलं की नोंदणी, कर, विमा सगळं पाहिजे. गाडी खरोखर उभी आहे ना, एवढं पाहून कळवा, असं पत्रात होतं.

मी वस्तीवर गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये काळी मोटार चार लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. चाकं जमिनीपासून वीतभर वर, बॅटरी काढलेली, अंगावर जुनी ताडपत्री. मालकाने नवी जीप घेतली होती. "ही वडलांची गाडी. आई विकू देत नाही, म्हणून ठेवलीय," तो म्हणाला. मी ताक प्यायलो, परत आलो आणि रिपोर्ट लिहिला, ‘सदर मोटार आज रोजी ठोकळ्यांवर उभी आहे.’

इथे थांबायला हवं होतं. पण अर्धा कागद कोरा राहिला होता आणि शाई ताजी होती. मी पुढे लिहिलं, ‘सदर मोटार वापरात येण्याजोगी नाही.’

हे मी कशावरून लिहिलं? इंजिन उघडून पाहिलं नव्हतं. मोटारीतलं मला कळायचंही नाही. घरातला साधा दिवा बदलायलासुद्धा मी ठाण्यातून हवालदार बोलवायचो. वाक्य कानाला भारदस्त लागलं, म्हणून लिहिलं.

पुढे दसरा आला. सकाळी ठाण्यात शस्त्रपूजा झाली. मग जीपची पूजा. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूचा हार, नारळ, आणि रीतीप्रमाणे चारही चाकांखाली एकेक लिंबू. आता गाडी चालू करून लिंबांवरून पुढे न्यायची, की पूजा पुरी. मी साहेब म्हणून स्वतः स्टेअरिंगवर बसलो. जीप काही चालू होईना. शेवटी सहा शिपायांनी मागून ढकलली आणि लिंबं फुटली. आमचा म्हातारा हवालदार नाराजच होता.

"साहेब, ढकलून न्हाई चालत. इंजिनावं गेली पायजे."

"लिंबू फुटलं ना?"

"फुटलं खरं. पर देवाला कळतंय की."

सगळं ठाणं हसलं. मी हसलो नाही.

त्याच दिवशी दिवेलागणीच्या आधी खबर आली, की मिरजगावच्या रस्त्यावर एका सायकलवाल्याला मोटारीने उडवलंय. मोटार थांबली नाही. जखमी माणूस गावातला शिंपी होता. सायकलचं मागचं चाक पापडासारखं मोडलेलं आणि त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडलेला. हँडलच्या पिशवीतली आपट्याची पानं रस्ताभर पसरली होती. नगरच्या दवाखान्यात हलवण्याआधी मी त्याचा जबाब घेतला. वेदनेने तोंड पांढरं पडलं होतं, पण माणूस ठाम होता. त्याने त्या बागायतदाराचंच नाव घेतलं.

"नंबर पाहिला का?"

"नंबर कुटला बघतो साहेब, खड्ड्यात पडलो हुतो. पर पडदे बघितले. मागच्या खिडकीतनं पडदा भाईर फडफडत हुता. हिरवा, पिवळ्या फुलाचा."

"हिरवे पडदे कुणाचेही असतील."

"कुनाचे बी कसे असतील? माज्या हातचे हायेत. थोरल्या मालकानं शिवून घेतलेले. डाव्या पडद्याला खालनं चार बोटं जोड हाय, कापड कमी पडलं हुतं. आपली शिवन मानूस वळखत न्हाई व्हय?"

तो पुढे जे म्हणाला, ते मी जबाबात लिहिलं नाही, पण विसरलोही नाही. "साहेब, मशीन पायानं चालती. दसरा ते दिवाळी आमचं वरीस असतं. पाय जाऊ द्या, पर मी खोटं बोलतोय असं कुनी म्हनू नये."

आणि नेमकं तेच सगळे म्हणू लागले. कारण ती मोटार पाच-सहा महिने ठोकळ्यांवर उभी आहे, हे गावाला माहीत होतं. मी दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेलो तर मोटार जागेवरच होती. ठोकळे तेच, ताडपत्री तीच, बॅटरी काढलेली, पडदे नाहीत. मालकाने मला खुर्ची दिली आणि घडी घातलेला कागद पुढे केला. माझ्याच रिपोर्टाची नक्कल! त्याने कार्यालयातून काढून आणून ठेवली होती.

"साहेब, तुमच्याच सहीनं आहे. वापरात येण्याजोगी नाही. मग ती मिरजगावच्या रस्त्याला उडत गेली का?"

सोबतचे पंच हसले.

गावात बोलणं सुरू झालं, की शिंप्याने दसऱ्याची घेतली असेल, सायकलवरून आपणच पडला असेल, आणि आता मोठ्या माणसाकडून पैसे काढायला बघतोय. मी चौकशी केली तेव्हा कळलं, हा माणूस सुपारीसुद्धा खात नसे. दिवाळीचे कपडे शिवायला दिलेले लोक त्याच्या बायकोकडून कापडं परत न्यायला लागले. ती दारात बसून एकेक गठ्ठा परत देत होती. मी तिकडून जीपने गेलो तेव्हा तिने मान वर करून पाहिलं. मग पुढचा गठ्ठा उचलला. बोलली असती तर बरं झालं असतं.

जागेवर सापडलेला पुरावा म्हणजे झेंडूची चार फुलं आणि आंब्याचं एक पान. दसऱ्याच्या दिवशी महाराष्ट्रातल्या प्रत्येक चाकावर झेंडू असतो, बैलगाडीपासून पिठाच्या गिरणीपर्यंत. त्यावरून आरोपी शोधायचा तर पहिली अटक माझ्याच जीपची करावी लागली असती.

बारा-तेरा दिवसांनी आमचा तोच म्हातारा हवालदार माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याची एक सवय होती. खबर महत्त्वाची असली की तो आधी टोपी काढून डोकं खाजवायचा.

"साहेब, एक इचारू? उभ्या गाडीला बॅटरी कशाला लागती?"

"नाही लागत."

"मंग दसऱ्याच्या आधी त्या मालकाची बॅटरी स्टँडवरच्या चार्जिंगवाल्याकडं कशी आली? मी सायकलीला हवा भरायला गेल्तो, तवा सहज बोलला. घटस्थापनेच्या टायमाला दिली आन् खंडेनवमीला नेली म्हनं."

मला वाटलं, झालं काम! लगेच मालकाला ठाण्यात बोलावलं. तो स्वच्छ धोतर-टोपीत आला, समोर बसला आणि प्रश्न ऐकून हसला.

"रेडिओ लावतो साहेब त्या बॅटरीवर. वस्तीवर वीज कुठंय?"

त्या काळी वस्त्यांवर असे रेडिओ चालत. तो धागा तिथेच तुटला. पण त्या बैठकीत एक शहाणपणाचं काम माझ्याकडून झालं. मी म्हणालो, "ठीक आहे. तुमचं काय म्हणणं आहे ते तुमच्या हाताने लिहून द्या, म्हणजे मला वर पाठवायला बरं." आपलं खरं आहे असं भासवायची हौस असलेला माणूस गरजेपेक्षा जास्त लिहितो, हे मी स्वतःवरून शिकलो होतो. त्यानेही पानभर लिहिलं. ‘उन्हाळ्यापासून आजतागायत सदर गाडी ठोकळ्यांवरून खाली उतरलेली नाही व जागची हललेली नाही. तिचे पडदे तेव्हापासून पेटीत आहेत.’ खाली सही.

कागद फाइलला लावून मी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा वस्तीवर गेलो. काय शोधायचं ते ठाऊक नव्हतं. ताडपत्री वर केली. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक होतं. त्यात काही नवल नाही, उभ्या गाडीचीही पूजा करतात. मी खाली बसलो आणि ठोकळ्यांमधून जमिनीकडे पाहिलं. चाकांच्या पुढे, हातभर अंतरावर, जमिनीला चिकटलेलं काहीतरी वाळून तपकिरी झालं होतं. एक, दोन, तीन, चार.

चेपलेली लिंबं.

हवालदाराने वाकून पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघांनी पंधरवड्यापूर्वी अशीच चार लिंबं ठाण्याच्या अंगणात पाहिली होती. वीतभर उंच टांगलेलं चाक लिंबू फोडत नाही.

पंचांसमक्ष लिंबं उचलली, कागदात बांधली, पंचनामा केला. मालक आला. लिंबं पाहून क्षणभर त्याची मान खाली गेली, पण माणूस कच्चा नव्हता.

"बरं साहेब, लिहिण्यात चूक झाली. पूजेपुरती खाली उतरवली, गड्यांनी दोन हात ढकलली आणि परत वर ठेवली. माझ्या शेडात मी गाडी ढकलली तर कुठला विमा लागतो? कुठला कर लागतो?"

नियम त्याला माझ्यापेक्षा चांगला पाठ होता. आणि तो बरोबर होता! आवाराच्या आत ढकललेली गाडी म्हणजे रस्त्यावर आलेली गाडी नव्हे. माझ्या हातात फक्त चार वाळलेली लिंबं उरली.

एवढ्यात घरातून त्याची आई बाहेर आली. सत्तरीची, कपाळावर कुंकवाच्या जागी गोंदण, हातात गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या. पोलीस आल्याचं तिला काही वाटलं नाही. तिच्या लेखी मी उन्हातून आलेला पाहुणा होतो.

"बसा की वो. उभ्या उभ्या काय पंचाईत चाललीय?"

"काही नाही आजी, लिंबं बघत होतो."

"दसऱ्याची हायेत. तुमच्या जीपड्याला ठिवली का न्हाई तुमी?"

आता इथे एखादा हुशार अधिकारी डाव रचून बोलला, असं मला लिहिता आलं असतं. खरं सांगायचं तर मी नुसता वैतागलो होतो आणि माझी फजिती कुणाला तरी सांगावीशी वाटली. म्हणालो, "ठेवली आजी, पण जीप चालूच होईना. मग शिपायांनी ढकलली."

म्हातारीने तांब्या खाली ठेवला. "ढकलली? पूजेची गाडी ढकलली?"

"मग काय करणार? तुमच्याकडेही ढकललीच म्हणे."

"कोन म्हनतं?" तिचा आवाज चढला. "आमचे धनी व्हते तवापासनं आमची गाडी दसऱ्याला कंदी ढकलली न्हाई. चालू करूनच लिंबावनं जाती. ह्यानंच तर चालू केली."

"आई, तू आत जा," मालक म्हणाला.

"का जाऊ? आमची गाडी ढकलली म्हनत्यात, मी गप बसू? लिंबावनं नेली आन् तशीच देवीला नेली. सा कोस. धनी दर दसऱ्याला न्यायचे. मी म्हनलं, त्यांच्या गाडीतनंच जाईन, न्हाई तर जायाचीच न्हाई. ऊन लागतं म्हून पडदे बी लावले."

पंच माझ्याकडे बघत होते, मी लिहीत होतो. घाईत पेन्सिलीचं टोक मोडलं. हवालदाराने आपली पेन्सिल पुढे केली.

मी हळू विचारलं, "आजी, येताना रस्त्यात गाडीला काही लागलं का?"

"लागलं की. धाडकन आवाज झाला. म्या इचारलं, काय रं झालं? तर म्हनला, दगड व्हता." ती मुलाकडे वळली. "दगडच व्हता ना रं?"

मुलाने मान फिरवली. वस्तीवर राहणाऱ्या त्या बाईला पंधरा दिवस कोणी काही कळू दिलं नव्हतं. ते सांगायचं काम माझ्यावर आलं. मी सांगितलं, दगड नव्हता, गावातला शिंपी होता.

म्हातारी जमिनीवर बसली. तिने त्या चार लिंबांच्या डागांकडे पाहिलं. मग उठली, आत गेली आणि पेटीतून पडदे काढून आणले. हिरवे, पिवळ्या फुलांचे. डाव्या पडद्याला खालून चार बोटं जोड होता. तिने ते माझ्या हातात दिले नाहीत, मुलापुढे धरले.

"ह्ये त्यानं शिवल्यात. तुझ्या बापानं त्याला पाटावं बसवून जेवू घातलं हुतं. त्याला दगड म्हनलास तू?"

मी नोकरीत अनेक उलटतपासण्या पाहिल्या. त्या तीन वाक्यांपुढे टिकणारा आरोपी पाहिला नाही. मालकाने पडदे हातात घेतले आणि सगळं सांगून टाकलं. बॅटरी चार्ज करून आणली, गड्यांकडून गाडी खाली घेतली. एका दिवसाने काय होतंय, असं वाटलं. परतताना सायकल दिसली, ब्रेक दाबला तर सहा महिने उभ्या गाडीचा ब्रेक लागलाच नाही. थांबलो तर विमा नाही, कर नाही, पुस्तक सरकारजमा, म्हणून थांबलो नाही. रात्रीत गाडी परत ठोकळ्यांवर चढवली, दबलेला मडगार्ड ठोकून त्याला काळा रंग लावला. पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, पण गडी बोलले, चार्जिंगवाला बोलला, रंगाखालचा पोचा मोटार निरीक्षकाला सापडला. आणि म्हातारीने सगळ्यांच्या आधी साक्ष दिली.

भरधाव व निष्काळजीपणे गाडी चालवून जबर दुखापत, अपघाताची खबर न देणे, विमा व नोंदणीचे कागद नसताना गाडी रस्त्यावर आणणे, अशी सगळी कलमं लावून चार्जशीट गेलं. विमा नव्हता, म्हणून शिंप्याच्या पायाची भरपाई मालकाला स्वतःच्या खिशातून द्यावी लागली.

कोर्टात माझी परीक्षा बाकी होती. बचावाच्या वकिलांनी माझा रिपोर्ट हवेत धरला. "ही सही तुमची? वापरात येण्याजोगी नाही, हे तुम्हीच लिहिलंत?"

"होय. पहिलं वाक्य मी पाहून लिहिलं. दुसरं न पाहता लिहिलं. ती माझी चूक आहे."

न्यायाधीशांनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं, आता शेरा येणार. ते म्हणाले, "इतक्या वर्षांत हे उत्तर पहिल्यांदाच ऐकतोय." कोर्ट हसलं, वकील बसले, आणि त्या दिवसानंतर तो रिपोर्ट पुन्हा कोणी वर काढला नाही. मालकाला शिक्षा झाली.

शिंपी मात्र निकालाच्या पुष्कळ आधीच जिंकला होता. तो दवाखान्यातून एस.टी.ने आला तेव्हा स्टँडवर पंचवीस-तीस माणसं उभी होती. त्याला उतरवून घ्यायला निम्मी, बाकीची बगलेत कापडाचे गठ्ठे घेऊन. दिवाळी होऊन गेली होती, तरी दिवाळीचेच कपडे शिवायचे होते लोकांना! त्याने कुबडी काखेत घेतली, सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "एवढं कुनी शिवायचं? पाय एकच हाय माजा सध्या." बायकोने मात्र गठ्ठे एकेक करून मोजून घेतले, आणि ज्यांनी परत नेले होते त्यांना शेवटचा नंबर दिला. पुढच्या दसऱ्यापर्यंत त्याचा पाय मशीनवर चालू लागला. जरा लंगडायचा, पण शिवण सरळ. माझ्या खाकी शर्टाच्या दोन बाह्या त्याच्या हातच्या होत्या आणि तो शर्ट मी बदलीनंतरही टाकला नाही.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली, ती मी नंतर प्रत्येक नव्या फौजदाराला सांगितली. रिपोर्टात जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहा, ज्या दिवशी पाहिलं त्या दिवसापुरतंच लिहा, आणि कागद कोरा उरला तर उरू द्या. आपली भर घातलेली ओळ कुठल्या गरिबाच्या पायावरून जाईल, सांगता येत नाही. माणसांबद्दलही एक कळलं. पोलिसांपुढे खोटं रेटणारा माणूसदेखील दसऱ्याची रीत चुकवायला धजत नाही. कायद्याला फसवायची त्याची तयारी असते, लिंबाला फसवायची नसते.

निकालाच्या दिवशी मी घरी आलो तो विजयी वीरासारखा. बायकोला सगळं साग्रसंगीत सांगितलं, न्यायाधीशांचा चष्मा, वकिलांचा चेहरा, सगळं. ती उंबऱ्यात तांदूळ निवडत ऐकत होती. शेवटी मी उसासा टाकून म्हणालो, "एवढं खरं, ते ‘वापरात येण्याजोगी नाही’ वाक्य लिहायला नको होतं."

तिने सूप बाजूला ठेवलं, स्वयंपाकघरातल्या महिनाभर बंद पडलेल्या दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"वाक्य चांगलं आहे हो," ती म्हणाली. "मोटारीवर कशाला वाया घालवलंत? घरात होतं की कुणीतरी त्या वर्णनाचं."